वंशावळीची फाईल: वर्धा जिल्ह्यातील घराण्यांच्या नोंदी

वर्धा जिल्ह्यात घराण्याची वंशावळ नोंदवण्याचे काम विसाव्या शतकाच्या अखेरीस संगणकावर आले. तोवर ते भाटाच्या पोथीत, तीर्थोपाध्यायाच्या वहीत, पटवाऱ्याच्या दप्तरात आणि घरातल्या एखाद्या चिकाटीच्या माणसाच्या रजिस्टरात चालत होते. संगणकावर ते नेणारी पिढी मुख्यतः निवृत्त शिक्षकांची, कचेरीतल्या कारकुनांची, पोस्टात आणि रेल्वेत नोकरी केलेल्यांची. त्यांच्यातले कितीतरी जण आज नाहीत, पण त्यांच्या फायली जुन्या हार्ड डिस्कवर, फ्लॉप्यांवर आणि सीडींवर पडून आहेत. एखाद्या काकांची किंवा आजोबांची अशी फाईल उघडणे हे वरवर संगणक दुरुस्त करणाऱ्याचे काम वाटते. प्रत्यक्षात अर्ध्याहून अधिक गुंता जिल्ह्याच्या महसुली इतिहासातून, मराठी टंकलेखनाच्या सवयींतून आणि इथल्या नावे ठेवण्याच्या रीतीतून आलेला असतो.

सर्वांत जुनी नोंद तोंडी होती. घराण्याची पिढ्यान् पिढ्यांची नावे सांगणारे भाट ठरावीक वर्षांनी यजमानांच्या गावी येत, नव्याने जन्मलेल्यांची नावे पोथीत चढवत आणि बिदागी घेऊन पुढच्या गावाला जात. गोंड कुटुंबांसाठी हेच काम परधान करत. किंगरीच्या साथीने ते कुळाच्या देवांची, मूळपुरुषांची आणि शाखांची कथा गात. दुसरी नोंद तीर्थक्षेत्रांतली. त्र्यंबकेश्वर, काशी, प्रयाग, गया इथल्या उपाध्यायांच्या वह्यांत गाव आणि घराणे यांच्या हिशेबाने यात्रेकरूंची नावे लिहिलेली असतात, आणि पुष्कळदा खाली यात्रेकरूची स्वतःची सहीही असते. हरिद्वारच्या अशा वह्यांचे सूक्ष्मचित्रण अमेरिकेतल्या युटा राज्यातील वंशावळी संस्थेने १९७०च्या दशकाच्या उत्तरार्धात सुरू केले. यात्रेला जाण्याची ऐपत असलेल्यांचीच नावे या वह्यांत सापडतात, ही त्यांची मर्यादा.

तिसरी नोंद सरकारी. तिच्यात सगळे येतात, म्हणून वर्ध्याच्या वंशावळींचा खरा पाया तीच आहे. तिसरे रघूजी भोसले १८५३ मध्ये वारले आणि नागपूरचे राज्य इंग्रजांनी खालसा केले. १८६१ मध्ये मध्य प्रांत झाला आणि १८६२ मध्ये नागपूर जिल्हा फार मोठा होतो म्हणून त्यातून वर्धा जिल्हा वेगळा काढण्यात आला. सुरुवातीचे ठाणे पुलगावजवळच्या कवठ्याला होते. १८६६ मध्ये ते पालकवाडी या खेड्याच्या जागी वसवलेल्या वर्धा शहरात आले. याच दशकात जमिनीचा बंदोबस्त झाला. त्याचा अहवाल रिव्हेट-कार्नॅक या अधिकाऱ्याने लिहिला. पुढे कापूस-आयुक्त म्हणून हिंगणघाटच्या कापसाशी ज्याचे नाव जोडले गेले तोच हा. बंदोबस्तात गावच्या पाटलांना मालगुजार म्हणून मालकी हक्क मिळाले आणि कोणाचा हिस्सा किती, तो कोणाकडून आला, हे लिहून ठेवणे सरकारची गरज झाली. वर्धा, आर्वी आणि हिंगणघाट या तीन तहसिलींतल्या प्रत्येक मौज्याला बंदोबस्त नंबर मिळाला, प्रत्येक पटवाऱ्याला हलका मिळाला. ‘मौजा’, ‘ब. नं.’, ‘प. ह. नं.’ ही त्रयी आजही इथल्या खरेदीखतांत आणि सातबाऱ्यांत येते. जुन्या फायलीत कुठल्याही संदर्भाशिवाय दोन-तीन आकडे लिहिलेले दिसले, तर ते बहुधा हेच असतात.

मालगुजार आणि कास्तकार यांच्याखेरीज ज्यांची नावे जमिनीच्या कागदांत येत नाहीत त्यांच्यासाठी कोतवाल बुक आहे. गावचा कोतवाल गावातले जन्म आणि मृत्यू पोलीस ठाण्यात कळवत असे आणि तिथून ते रजिस्टरात चढत. या बुकातली नोंद वाचायला बसले की वंशावळ करणाऱ्याच्या अडचणी लगेच कळतात. तारीख असते, बापाचे नाव असते, जात असते, मूल मुलगा की मुलगी हे असते. मुलाचे नाव बहुतेक वेळा नसतेच, कारण बारसे व्हायच्या आत कोतवाल ठाण्यात जाऊन आलेला असे. आईचे नाव तर अपवादानेच. मृत्यूच्या रकान्यात ताप, देवी, हैजा असे एका शब्दाचे कारण. १९१८ च्या पावसाळ्यानंतरच्या पानांवर ‘ताप’ या एका शब्दाखाली माणसांची रांग लागलेली दिसते. ती इन्फ्लुएन्झाची साथ, आणि मध्य प्रांत हा तिने सर्वाधिक झोडपलेल्या प्रदेशांपैकी एक. ‘अमक्याला मुलगा’ ही १९०७ ची नोंद म्हणजे नेमका कोणता मुलगा, हे ठरवायला घरातली आठवण, शाळेचे दाखल-खारिज रजिस्टर आणि जमिनीचा फेरफार असे तीन कागद शेजारी ठेवावे लागतात. हे जुळवण्याचे काम म्हणजेच वंशावळीचे संशोधन, आणि फाईल हरवली की नावांपेक्षा आधी ही जुळणी हरवते.

मालगुजारी ३१ मार्च १९५१ पासून संपली. त्यानंतर १९५४च्या सुमारास मध्य प्रदेशाच्या राजवटीत नवे अधिकार अभिलेख तयार झाले. विदर्भाबाहेरच्या वाचकाला हे नाव अपरिचित वाटेल, पण वर्ध्यात जुन्या जमिनीचा आणि जातीचा पुरावा शोधणारा माणूस तहसिलीत पहिल्यांदा हेच मागतो. १ नोव्हेंबर १९५६ ला जिल्हा मुंबई राज्यात आणि १ मे १९६० ला महाराष्ट्रात आला. जन्म-मृत्यू नोंदणीचा १९६९ चा कायदा आल्यावर कोतवालाचे हे काम ग्रामपंचायतीकडे गेले. शंभर वर्षांत एकाच कुटुंबाचे कागद असे तीन-चार राजवटींच्या पद्धतींत, मोडी, बाळबोध आणि इंग्रजी अशा तीन वळणांत विखुरले गेले.

हे कागद शोधण्याची हौस फार थोड्यांना होती. गरज मात्र पुष्कळांना पडली. जातीच्या दाखल्याची पडताळणी करताना अर्जदाराला शपथपत्रावर वंशावळ द्यावी लागते आणि वडिलांच्या बाजूच्या पूर्वजांची जुनी नोंद दाखवावी लागते. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ या मानीव तारखा आहेत. त्याआधीचा पुरावा लागतो. या पडताळणीचा राज्याचा स्वतंत्र कायदा २००१ मध्ये आला. मुलीच्या वैद्यकीय प्रवेशासाठी किंवा पुतण्याच्या नोकरीसाठी कोतवाल बुकाच्या नकला काढायला गेलेला काका पुढे त्यातच रमला आणि सगळ्या भावकीची वंशावळ घेऊन बसला, असे इथे पुष्कळ घरांत घडले. अशा वंशावळीचा कल ओळखून ठेवावा: ती बापाकडून बापाकडे जाते, पुरावा मिळतो तिथेच थांबते आणि लेकींच्या शाखा सहसा सोडून देते. १४ ऑक्टोबर १९५६ नंतर बौद्ध झालेल्या कुटुंबांच्या कागदांत याच काळात जात आणि धर्माचे रकाने बदलत गेलेले दिसतात. बौद्धांना अनुसूचित जातीचा दर्जा मिळाला तो १९९० मध्ये. त्यामुळे आजोबा, वडील आणि नातू यांच्या तीन कागदांवर तीन वेगळ्या नोंदी असणे हे अगदी सामान्य आहे.

छापील परंपरा याहून वेगळ्या थरातली. कोकणस्थ घराण्यांचे जाडजूड कुलवृत्तांत विसाव्या शतकात मोठ्या संख्येने छापले गेले. गो. स. सरदेसाईंनी संपादिलेल्या ऐतिहासिक घराण्यांच्या वंशावळी १९५७ मध्ये प्रसिद्ध झाल्या. नागपूरकडच्या घराण्यांसाठी या. मा. काळे यांचा १९३४ चा ‘नागपूर प्रांताचा इतिहास’ हाताशी असे. नोकरीनिमित्त किंवा भोसल्यांच्या पदरी म्हणून वर्ध्याकडे आलेल्या घराण्यांच्या शाखा या ग्रंथांत सापडतात, पण एखाद्या टीपेत किंवा ‘वऱ्हाड-नागपूरकडे गेले’ अशा मोघम वाक्यात. कुणबी, तेली, माळी, महार, गोंड कुटुंबांना असा ग्रंथ बहुधा नव्हताच. संगणकाने ही दरी थोडी बुजवली, कारण आता छापखान्याचा खर्च उचलण्याची गरज उरली नाही.

हा संगणक खेड्यापाड्यांत पोचला तो मुख्यतः २००० नंतर. २००१ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र ज्ञान महामंडळाचा एमएस-सीआयटी अभ्यासक्रम सरकारी नोकरांनी बढतीसाठी केला, निवृत्तांनी हौसेने केला. या लोकांची बोटे मराठी टंकयंत्रावर, म्हणजे रेमिंग्टन पद्धतीच्या कळफलकावर बसलेली होती. भारतीय मानकाचा इनस्क्रिप्ट कळफलक त्यांना परका होता. कृतिदेवसारखे फॉन्ट मात्र हुबेहूब टंकयंत्राप्रमाणे चालत, म्हणून हेच फॉन्ट घराघरांत गेले. शहरातल्या डीटीपी दुकानांत श्री-लिपी, आकृती आणि पुण्याच्या सी-डॅकचे आयएसएम होते. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून होती, तिची मांडणी इस्की या भारतीय संकेतावरच बेतलेली होती. तरी विंडोज एक्सपीवर ती नीट दिसायला भाषेच्या फायली मूळ सीडीवरून वेगळ्या चढवाव्या लागत. ती सीडी दुकानदाराने दिलेलीच नसे. तांत्रिक प्रगती आणि तिचा प्रत्यक्ष वापर यांत दहा-पंधरा वर्षांचे अंतर पडले ते असल्या क्षुल्लक कारणांनी, आणि वंशावळींच्या बहुतेक फायली नेमक्या याच अंतरात तयार झाल्या.

फायलींचे प्रकारही ठरलेले. बहुतांश मजकूर वर्डमध्ये, नावांच्या याद्या एक्सेलमध्ये, छापायला दिलेली पुस्तिका पेजमेकरमध्ये आणि मोठा वंशवृक्ष कोरल ड्रॉमध्ये. ज्यांची मुले परदेशी गेली त्यांच्यापैकी काहींनी वंशावळीची खास सॉफ्टवेअरे वापरली. यांतले पर्सनल ॲन्सेस्ट्रल फाईल, म्हणजे पीएएफ, हे मॉर्मन चर्चने काढलेले आणि पुढे फुकट मिळणारे असल्यामुळे जास्त पसरले. २०१३ मध्ये ते बंद झाले. याच चर्चने १९८०च्या दशकात गेडकॉम हा देवाणघेवाणीचा नमुना केला. गेडकॉम फाईल ही साधी मजकुराची फाईल असते. प्रत्येक ओळ शून्य, एक, दोन अशा पायरीच्या आकड्याने सुरू होते आणि पुढे जन्म, मृत्यू, विवाह असे ठरीव संकेत येतात. म्हणून मूळ सॉफ्टवेअर नाहीसे झाले तरी ती नोटपॅडमध्ये वाचता येते. जुन्या सामानात अशी एक जरी फाईल सापडली तरी निम्मे काम झाले असे समजावे.

सोडवणुकीत पहिला नियम जुना संगणक चालू न करण्याचा आहे. बरीच वर्षे बंद असलेली डिस्क चालू होताच विंडोज तिच्यावर स्वतःच्या फायली लिहू लागते आणि पुसलेल्या फायलींची जागा व्यापते. डिस्क बाहेर काढून, जोडणीचा अडॅप्टर लावून, शक्य तर लिहिणे रोखणारे उपकरण मध्ये ठेवून, तिची जशीच्या तशी प्रतिमा घ्यायची आणि पुढचे सगळे काम त्या प्रतिमेवर करायचे. जीएनयू डीडीरेस्क्यू हे फुकट मिळणारे साधन खराब भाग मागे ठेवून आधी चांगला भाग उतरवते आणि मग खराब भागाकडे पुन्हा पुन्हा वळते. पुसलेल्या फायलींसाठी टेस्टडिस्क आणि फोटोरेक आहेत. फ्लॉपीची गोष्ट अवघड. १.४४ मेगाबाइटच्या या चकत्यांचे उत्पादन सोनीसारख्या कंपनीनेही २०११ मध्ये थांबवले. वर्ध्याचा उन्हाळा ४५ अंशांच्या वर जातो आणि पावसाळ्यात माळ्यावरच्या पेटीत बुरशी धरते. या दोन्हींनी चुंबकीय थर सुटतो. बुरशी दिसत असलेली फ्लॉपी ड्राइव्हमध्ये घातली की तिचा थरही जातो आणि ड्राइव्हचे डोकेही. घरी लिहिलेल्या सीडींत रंगद्रव्याचा थर असतो, तो ऊन आणि उष्णतेने विटतो. कंपनीने छापलेली सीडी त्या मानाने टिकते.

डिस्कची प्रतिमा निघाली, फाईल उघडली, आणि पडद्यावर रोमन अक्षरांचा निरर्थक गुंताळा दिसला, की बहुतेक लोक फाईल बिघडली असे समजून हात टेकतात. ती बिघडलेली नसते. कृतिदेवमध्ये ‘वर्धा’ हा शब्द संगणकाच्या लेखी पाच रोमन चिन्हांचा असतो: लहान ओ, तिरकी रेघ, लहान के, पुन्हा लहान के आणि मोठा झेड. ओ म्हणजे व. तिरकी रेघ म्हणजे अर्धा ध, पहिला के त्याचा दंड पुरा करतो, दुसरा के काना देतो आणि झेड म्हणजे रफार. टंकयंत्रावर रफार शेवटी उमटवायचा असतो, म्हणून तो इथेही शेवटी. युनिकोडमध्ये मात्र उच्चाराप्रमाणे र आधी यायला हवा आणि ध नंतर. ‘हिंगणघाट’मध्ये उलटे होते: ऱ्हस्व वेलांटी ह च्या डावीकडे दिसते म्हणून कृतिदेवमध्ये ती आधी टंकलेली असते, आणि युनिकोडमध्ये ती ह च्या नंतर न्यावी लागते. अक्षराला अक्षर बदलून काम भागत नाही, क्रम लावावा लागतो. रूपांतर करणारी साधने हेच करतात. मायक्रोसॉफ्टच्या भाषाइंडियाने दिलेला टीबीआयएल कन्व्हर्टर अशांपैकी एक. पण आधी फॉन्ट कोणता हे कळायला हवे. वर्डच्या फाईलीत फॉन्टचे नाव साठवलेले असते, एक्सेलमध्येही असते. साध्या मजकुराच्या फाईलीत ते नसते, तेव्हा ‘वर्धा’, ‘मौजा’, ‘रामचंद्र’ असे हमखास येणारे शब्द ओळखून मांडणी ताडावी लागते. श्री-लिपीच्या निरनिराळ्या मालिकांत चिन्हांची मांडणी वेगळी असल्याने तिथे ही ओळख जास्त वेळ खाते. सी-डॅकच्या जिस्ट कार्डाच्या जमान्यातली इस्की फाईल मिळाली तर काम उलट सोपे, कारण तिचा क्रम उच्चाराचाच आहे.

‘रामचंद्र’ हे नाव मुद्दाम घेतले. द्र, क्र अशी जोडाक्षरे कृतिदेवमध्ये रोमन वर्णमालेच्या पलीकडच्या, विशेष चिन्हांच्या जागी बसवलेली आहेत. फाईल जुन्या गेडकॉममध्ये किंवा ईमेलमधून नेली असेल तर साधी अक्षरे शाबूत राहतात आणि ही चिन्हे बदलतात. रामचंद्र, राजेंद्र, चक्रधर, इंद्रायणी या नावांत मध्येच प्रश्नचिन्ह किंवा भलतेच अक्षर दिसते. बिघाड सगळीकडे सारखाच असल्याने एकदा ओळखला की एका फटक्यात दुरुस्त होतो.

मराठीपुरता आणखी एक पेच वऱ्हाडी ऱ्ह चा. ‘गोऱ्हे’, ‘वऱ्हाडे’ या आडनावांतला आडवा र युनिकोडमध्ये दोन रीतींनी लिहिता येतो. दोन्ही दिसायला तंतोतंत सारखे, पण संगणकाला ते दोन वेगळे शब्द वाटतात. एकाच आडनावाची भावकी शोधयादीत दोन ठिकाणी फुटते आणि का फुटली ते डोळ्यांना कळत नाही. हिंदीसाठी केलेली रूपांतराची साधने तर हा र सरळ रफार करून टाकतात. वर्ध्याला खास असा एक जुना प्रकारही ध्यानात ठेवावा लागतो. काकासाहेब कालेलकरांच्या पुढाकाराने ‘अ’ची बाराखडी रुजवण्याचा प्रयत्न झाला आणि १९३६ मध्ये वर्ध्यात स्थापन झालेल्या राष्ट्रभाषा प्रचार समितीने तिचा पुरस्कार केला. इ, उ, ए ऐवजी अि, अु, अे लिहायचे, ही ती पद्धत. त्या वातावरणात शिकलेली माणसे पुढेही ‘अेकनाथ’, ‘अुमरी’ असे लिहीत राहिली. अशा हस्तलिखिताचे स्कॅन यंत्राने वाचले की चुका होतात, आणि टंकलेल्या फाईलीतही ‘उमरी’ शोधली तर ‘अुमरी’ सापडत नाही.

कोरल ड्रॉमधल्या वंशवृक्षांबद्दल फार आशा धरू नये. छपाईच्या वेळी फॉन्ट हलू नयेत म्हणून दुकानदार सगळी अक्षरे ‘कर्व्ह’ करून देत. त्यानंतर फाईलीत अक्षर उरत नाही, नुसत्या आकृत्या उरतात. त्या मोठ्या आकारात छापून डोळ्यांनी वाचणे आणि पुन्हा टंकणे हाच उपाय. पेजमेकरच्या फायली इनडिझाइनच्या सीएस ६ पर्यंतच्या आवृत्त्या उघडतात, नंतरच्या उघडत नाहीत.

मजकूर वाचता आला की तारखा तपासायच्या. फाईलीची स्वतःची तारीख विश्वासाची नसते: संगणकातल्या छोट्या बॅटरीचा जीव गेला की घड्याळ मागे जाते आणि डॉसच्या काळापासूनची सुरुवात म्हणजे १ जानेवारी १९८० अशी तारीख फाईलीवर पडते. आतल्या तारखा जास्त फसव्या. भोसलेकालीन कागदांत फसली सन आणि शक येतात. वंशावळीच्या सॉफ्टवेअरला शक कळत नाही. शके १७८९ असे लिहायच्या हेतूने रकान्यात १७८९ टंकले की ते इसवी सन मानले जाते आणि १८६७-६८ मध्ये जन्मलेला माणूस अठ्याहत्तर वर्षे मागे जातो. बाप मुलानंतर जन्मल्याच्या चमत्कारिक इशाऱ्यांमागे बहुधा हेच असते. दाखल-खारिज रजिस्टरातून घेतलेल्या जन्मतारखा १ जुलै असतील तर त्या गुरुजींनी प्रवेशाच्या सोयीने लिहिलेल्या आहेत असे समजून चालावे.

गावांची नावेही पारखून घ्यावी लागतात. सेलू वर्ध्यात आहे आणि परभणीतही. आष्टी बीडमध्ये आहे, आणि १६ ऑगस्ट १९४२ च्या उठावानंतर ‘आष्टी (शहीद)’ म्हणून ओळखली जाणारी वर्ध्यात. कारंजा म्हटले तर घाडग्यांचे की वाशीम जिल्ह्यातले लाडांचे, हे लिहिणाऱ्याला ठाऊक असते, वाचणाऱ्याला नसते. सावंगी, बोरगाव, सिंदी यांच्यापुढे ‘मेघे’ लागते. रेल्वे स्टेशनची सिंदी वेगळी. उठून गेलेल्या गावांपुढे महसुली कागदांत ‘रिठ’ लिहितात, तिथे आज घर नसले तरी सातबारा असतो. गांधीजी १९३६ मध्ये ज्या गावी राहायला आले ते शेगाव. त्यांची टपाल बुलढाण्याच्या शेगावला जाऊ लागली म्हणून १९४० मध्ये त्याचे सेवाग्राम झाले. १९३८ च्या एखाद्या नोंदीतले ‘शेगाव’ वाचताना हा घोळ आजही होतो. मोबाइलमधला नकाशा अशा वेळी आत्मविश्वासाने चुकीचे गाव दाखवतो.

नात्यांचे घोळ सॉफ्टवेअरच्या रकान्यांतून येतात. स्वतःचे नाव आणि आडनाव एवढेच दोन रकाने असले तर मधले वडिलांचे नाव कुठे लिहायचे? सासरी बदललेले नाव कुठे? कोणी माहेरचे नाव कंसात लिहिले, कोणी टिपणात, कोणी गाळलेच. दत्तकाचा प्रश्न त्याहून किचकट. जमनालाल बजाज १८८९ मध्ये राजस्थानात सीकरजवळ जन्मले आणि वर्ध्याच्या बच्छराज बजाज यांनी त्यांना नातू म्हणून दत्तक घेतले. अशा माणसाला जन्माचे आणि दत्तकाचे असे दोन्ही आईबाप दाखवावे लागतात. गेडकॉममध्ये त्यासाठी वेगळे संकेत आहेत, पण घरगुती याद्यांत दत्तक मुलगा सख्ख्यासारखा लिहिलेला असतो, किंवा जन्मघराण्याच्या यादीतून तो मुकाट्याने गायब झालेला असतो.

या सगळ्यात सर्वांत मोलाची वस्तू म्हणजे रंगीत वंशवृक्ष, असे वारसांना वाटते. अभ्यासाच्या दृष्टीने मोलाची असते ती ‘टिपणे’, ‘नवीन’, ‘अंतिम २’ अशा नावांची विस्कळीत फाईल. कोणती नक्कल कोणत्या तहसिलीतून कधी काढली, कोणत्या आत्याने काय सांगितले, कोणते नाव संशयाचे आहे, हे तिथे असते. ‘को. बु.’, ‘अ. अ.’, ‘दा. खा.’ अशी लघुरूपे कोतवाल बुक, अधिकार अभिलेख आणि दाखल-खारिज यांची असतात, आणि त्यांच्यापुढचे आकडे पान-अनुक्रमांकाचे. ती पुन्हा उलगडली की प्रत्येक नाव मूळ रजिस्टरात जाऊन तपासता येते. टिपणाविना उरलेला वंशवृक्ष कितीही सुबक असला तरी पुरावा म्हणून तो भाटाच्या पोथीच्या बरोबरीचाच.

इंटरनेटवर ठेवलेल्या मजकुराची दशा बिकट आहे. जिओसिटीज २००९ मध्ये, आडनावांचे समूह जिथे भरभराटीला आले ते ऑर्कुट २०१४ मध्ये आणि याहू ग्रुप्स २०२० मध्ये बंद झाले. दोन वर्षे न वापरलेली खाती काढून टाकण्याचे धोरण गूगलने डिसेंबर २०२३ पासून अमलात आणले. अमेरिकेतल्या इंटरनेट अर्काइव्हने १९९६ पासून जतन केलेल्या पानांत जुन्या पत्त्यावर काही सापडते, तेही शोधणाऱ्याला नेमका पत्ता माहीत असेल तर. नातेवाइकांच्या ईमेलमध्ये पाठवलेल्या प्रती हा जास्त भरवशाचा मार्ग. पुण्या-मुंबईच्या किंवा अमेरिकेतल्या चुलत भावाच्या खात्यात दहा वर्षांपूर्वीची जोडलेली फाईल पुष्कळदा मिळून जाते.

सुटलेली फाईल ठेवण्याची रीत साधी आहे. मूळ प्रतिमा जशीच्या तशी, तिचा पडताळणी-आकडा सोबत; वाचनीय प्रत युनिकोड मजकुरात; नाते-रचना गेडकॉममध्ये; आणि वापरलेल्या जुन्या फॉन्टची फाईल त्याच फोल्डरात. रूपांतरात काय बदलले याची अर्धा पान नोंद हवी, नाहीतर पुढच्या वाचकाला ‘वऱ्हाडे’चे ‘वर्हाडे’ कोणी केले ते कळत नाही. हयात माणसांच्या जन्मतारखा, जातीच्या दाखल्यांचे क्रमांक आणि जमिनीचे तपशील वाटायच्या प्रतीतून काढून ठेवतात. टिपणांची एक प्रत कागदावर छापून भावकीतल्या दोन-तीन घरी ठेवली जाते, आणि जिथे जुन्या नकला शिल्लक आहेत तिथे त्या त्याच क्रमाने तिला जोडतात.